हेपॅरिनचं प्रकरण मिटलं म्हणता? माणसांत त्याची नीट परीक्षा घेतली कुणी?

अश्मक

मनोजव यांच्या स्टेंटच्या (धमनी उघडी ठेवायला आत बसवतात त्या जाळीच्या) इतिहासावरच्या लेखात जाताजाता एक विधान आलंय. तिथल्या प्रतिसादांत ते हरवून जाईल म्हणून वेगळा धागा काढतोय. विधान असं: "रिस्टेनोसिस रोखण्यासाठी हेपॅरिन आणि त्याची सुधारित रूपं वापरायची कल्पना उंदरांत चालली, माणसांत साफ पडली. नव्वदच्या दशकातच ते प्रकरण मिटलं. अजून त्यावर काम करणारे वेळ आणि पैसा वाया घालवताहेत."

(हेपॅरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, रिस्टेनोसिस म्हणजे उघडलेली धमनी पुन्हा अरुंद होणं.) हे वाचून राहवलं नाही. पडली ती कल्पना नव्हे, ज्या पद्धतीने औषध दिलं ती पद्धत पडली.

१९७७ मध्ये क्लोज आणि कार्नोव्स्की यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की उंदराच्या कॅरोटिड (मानेतल्या) धमनीचं आतलं अस्तर काढून टाकलं आणि हेपॅरिन शिरेतून चालू ठेवलं, तर एरवी जो जाड थर आत चढतो तो चढत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झुरिचला ग्रुंट्झिगने पहिली कोरोनरी बलून अँजिओप्लास्टी केली, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली धमनी आतून बलून फुगवून उघडली. म्हणजे बलूनने फुगवलेली धमनी पुन्हा आवळते हे दुखणं जगाला नीट कळायच्या आधीच त्यावरच्या एका उपायाचा धागा हाती आला होता.

पुढचा टप्पा तर अजून महत्त्वाचा. १९८० मध्ये याच गटाने दाखवलं की अँटिथ्रॉम्बिनला (ज्या प्रथिनामार्फत हेपॅरिन गोठणं थांबवतं त्याला) न चिकटणारं, म्हणजे रक्त गोठण्याच्या क्रियेत जवळजवळ हात न घालणारं हेपॅरिनसुद्धा धमनीच्या भिंतीतल्या स्मूथ मसल पेशींची वाढ रोखतं. आतला जाड थर याच पेशींचा. रक्त पातळ ठेवणं आणि पेशींना आवर घालणं ही या रेणूची दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम काढून टाकून दुसरं ठेवता येतं. ज्याला आपण सुधारित हेपॅरिन म्हणतो त्याचा सगळा पाया हा आहे.

आता माणसांवरच्या चाचण्या बघा. १९९४ ची एनॉक्सापॅरिनची (लहान साखळ्यांच्या हेपॅरिनची) चाचणी, ४५८ रुग्ण, रोज एकदा ४० मिलिग्रॅम कातडीखाली, महिनाभर. फरक शून्य. १९९६ ची तशाच रेव्हिपॅरिनची चाचणी, ६१२ रुग्ण, पहिला दिवस सलाईनमधून आणि मग दिवसातून दोन इंजेक्शनं. रिस्टेनोसिसमध्ये फरक नाही. दोन्हीकडे औषध कुठलं? गोठणं थांबवणारं. डोस कशावरून ठरवला? रक्तस्राव होणार नाही एवढ्या बेतावर. मसल पेशींना आवरायला किती लागतं, हा प्रश्न त्या डोसमागे नव्हताच.

आणि जे सगळे विसरतात ते १९९४ मध्येच एडलमन आणि कार्नोव्स्की यांनी 'सर्क्युलेशन'मध्ये छापलं होतं. त्याच उंदरात, तेच हेपॅरिन. अखंड दिलं तर आतला थर कमी होतो. तुटक तुटक इंजेक्शनं दिली तर फायदा जातो, उलट वाढ जास्त होते. ज्या पद्धतीने प्राण्यातही फायदा होत नाही त्या पद्धतीने माणसांना औषध द्यायचं आणि मग "उंदरांत चाललं, माणसांत पडलं" असा निकाल द्यायचा, याला शास्त्र म्हणायचं का?

मनोजव

माझ्या एका ओळीवर एवढा मोठा धागा आला, तर उत्तरही सविस्तर देतो.

तुम्ही दोन चाचण्या सांगितल्या, तिसरी गाळलीत. १९९७ ची, त्याच जातीच्या नॅड्रोपॅरिनची. अँजिओप्लास्टीच्या तीन दिवस आधीपासून सुरू केलं आणि तीन महिने रोज दिलं. वेळ चुकली म्हणायला जागा नाही, मुदत कमी पडली म्हणायलाही नाही. निकाल तोच. आता तुम्ही म्हणाल रोज एकदाच दिलं. ठीक. पण दर वेळी एक नवीन अट पुढे येत असेल तर ती कल्पना खोटी ठरणार तरी कधी?

दुसरं, उंदराची कॅरोटिड म्हणजे माणसाची कोरोनरी नव्हे. तरुण, निरोगी धमनी, त्यात ना चरबी, ना चुना, ना फाटलेली इलॅस्टिक लॅमिना (भिंतीतला लवचिक पडदा). नुसतं अस्तर सोललेलं. त्या धमनीत काय काय चाललं याची यादी करा. सिलाझाप्रिल हे रक्तदाबाचं औषध १९८९ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलं, उंदरात झकास. १९९२ मध्ये माणसांतली मोठी चाचणी आली, फायदा नाही. तेव्हाही लोक डोसला दोष देत होते.

तिसरं आणि सगळ्यांत मोठं. मिंट्झ यांच्या गटाने १९९६ मध्ये इंट्राव्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंडने (धमनीच्या आतून केलेल्या सोनोग्राफीने) मोजून दाखवलं की स्टेंट न घातलेल्या धमनीत नंतर जी जागा कमी होते त्यातला ७३ टक्के भाग धमनी स्वतःच आकसल्यामुळे असतो. आतला थर वाढल्यामुळे जेमतेम पाव हिस्सा. हेपॅरिनने मसल पेशींची वाढ शंभर टक्के थांबवली असती तरी तुमच्या हाताला तो पाव हिस्साच लागला असता. शत्रू दुसऱ्याच दारातून येत होता आणि तुम्ही अजून पहिल्या दारावरच्या कुलुपाबद्दल भांडताय.

शेवटी २००२. सिरोलिमस हे पेशींची वाढ रोखणारं औषध सोडणाऱ्या स्टेंटची पहिली मोठी चाचणी, २३८ रुग्ण, सहा महिन्यांनी रिस्टेनोसिस साध्या स्टेंटच्या बाजूला २६.६ टक्के, सिरोलिमसच्या बाजूला शून्य. शून्य! त्यानंतर हेपॅरिन कुणाला हवंय?

सायंतारा

मी डॉक्टर नाही. पण हेपॅरिन कुणाला हवंय या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. आमच्या घरात कुणालाही नकोय.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली, चांगली झाली. नंतर ताप आला म्हणून मुक्काम वाढला. आठवडा होत आला तसे प्लेटलेट्स उतरायला लागले. निम्म्याहून खाली. कुणी म्हणालं इन्फेक्शन, कुणी म्हणालं अँटिबायोटिकमुळे. मग एका पहाटे त्यांचा उजवा पाय गार पडला. पायाला हात लावला तेव्हा घोट्याच्या खाली दगडासारखं गार होतं आणि वर गरम. ती सीमारेषा बोटांनी कळत होती.

एक तरुण रेसिडेंट आली, तिने चार्ट पाहिला आणि पहिल्यांदा हिट हा शब्द उच्चारला, म्हणजे हेपॅरिनमुळेच प्लेटलेट्स घटतात आणि उलट गुठळ्या होतात तो विकार. हेपॅरिन बंद करा म्हणाली. बंद केलं. तरीही दुपारी सिस्टरने सेंट्रल लाइन हेपॅरिनच्या पाण्याने फ्लश केली, कारण लाइन तशीच फ्लश करायची रीत होती आणि ते कुणी औषध म्हणून लिहिलेलंच नव्हतं. मीच पाहिलं आणि ओरडले. पुढे हेपॅरिनऐवजी अरगॅट्रोबान या दुसऱ्या औषधावर ठेवलं. बाबा वाचले, पायाची तीन बोटं गेली.

तेव्हा अखंड द्यायला हवं होतं, डोस कमी पडला, ही वाक्यं मला शांतपणे वाचता येत नाहीत. क्षमस्व.

अश्मक

सायंताराताई, वाचून वाईट वाटलं. तुमचा राग अगदी रास्त आहे. पण माझा मुद्दा नेमका त्याच्या बाजूचा आहे. गोठण्यावर काम न करणारं रूप वापरलं असतं तर हे आनुषंगिक धोके टळतात, म्हणूनच सुधारित रूपांचा आग्रह.

मनोजव, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला तुमचाच चौथा मुद्दा उत्तर देतो. स्टेंट घातला की धमनी आकसू शकत नाही. जी काही जागा भरते ती आतला थर वाढूनच. म्हणजे स्टेंटच्या काळात हेपॅरिनची खरी पाळी यायला हवी होती. तेव्हा काय झालं? पोलंडमधल्या चाचणीत स्टेंट घालताना एनॉक्सापॅरिन थेट धमनीच्या भिंतीत सोडलं. शंभर रुग्णांची छोटी चाचणी, पण नंतरची लुमेनची (धमनीच्या आतल्या पोकळीची) घट कमी दिसली. २००१ मध्ये छापून आली. तोवर सगळ्यांचं लक्ष सिरोलिमसकडे गेलं होतं, पुढे कुणी नेलंच नाही.

मनोजव

आणि त्याच सुमाराची दुसरी चाचणी, स्टेंटच्या आधी साधं हेपॅरिन भिंतीत सोडलेली, तिच्यात फरक दिसला नाही. तीही सांगा की. हेपॅरिनचा लेप दिलेले स्टेंट तर वर्षानुवर्षं वापरले. गुठळी कमी झाली असेल, पण तसल्याच बिनलेपाच्या स्टेंटशी समोरासमोर तुलना केली तेव्हा रिस्टेनोसिस तेवढंच. तुम्हाला हवी ती चाचणी उचलता, नको ती गाळता.

अश्मक

लेपातलं हेपॅरिन स्टेंटला रासायनिक बंधाने एका टोकाला घट्ट बांधलेलं असतं. ते सुटून भिंतीत जातच नाही. रक्ताला भेटतं, मसल पेशीला भेटत नाही. त्याने रिस्टेनोसिस का थांबावं? हे तुम्हाला माहीत नाही असं मी मानत नाही, म्हणून जास्त राग येतो.

उंबरठा

मी डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन आहे. तुमच्या कोरोनरीच्या भांडणात आमचे पेशंट कुणालाच आठवत नाहीत, म्हणून लिहितो.

रिस्टेनोसिस हा आमच्याकडे रोजचा विषय. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर थेट जोडतात तो फिस्टुला, मध्ये नळी घालून जोडतात तो ग्राफ्ट. त्यांच्या शिरेकडच्या बाजूला आतून थर चढत जातो. सुरुवात कशी कळते सांगू? सुई काढल्यावर दाबून धरलं तरी रक्त लवकर थांबत नाही. मग लोक म्हणतात, हेपॅरिन जास्त झालं, डोस कमी करा. डोस कमी होतो, रक्त तरीही थांबत नाही, कारण पुढे शीर अरुंद झाल्यामुळे आत दाब वाढलेला असतो. मशीनवर व्हीनस प्रेशर (शिरेत परत जाणाऱ्या रक्ताचा दाब) हळूहळू चढत जातं. बोट ठेवलं की आधी एकसारखी थरथर लागायची, ती आता ठोक्यासारखी तुटक लागते. आणि एक दिवस थरथर बंद. मग बलून, परत काही महिन्यांनी बलून, मग दुसरा हात.

माझा साधा प्रश्न. हे पेशंट आठवड्यातून तीनदा हेपॅरिन घेतात, तेही वर्षानुवर्षं. हेपॅरिनने थर थांबत असता तर आमच्या पेशंटांचे फिस्टुला तरी उघडे राहायला नकोत का? त्याला कुठल्या चाचणीची गरज आहे?

अश्मक

उंबरठा, फार मोलाचा प्रतिसाद. रक्त थांबत नाही म्हणून हेपॅरिनचा डोस कमी करतात ही गोष्ट सगळ्यांनी वाचावी.

पण बघा, आठवड्यातून तीनदा, चार तास, मग दोन दिवस काहीच नाही. साधं हेपॅरिन शिरेतून दिलं तर तास-दीड तासात निम्मं संपतं. हे तुटक देण्याचं सगळ्यांत टोकाचं उदाहरण झालं. एडलमन-कार्नोव्स्की यांनी सांगितलेलं तेच.

आणि तुमच्याच क्षेत्रात दुसऱ्या वाटेने काम झालंय. धमनीच्या निरोगी अस्तरातल्या एंडोथेलियल पेशी स्वतः हेपॅरन सल्फेट बनवतात, हेपॅरिनचा जवळचा नातलग. मसल पेशींना शांत ठेवणं हे अस्तराचं रोजचं काम. एडलमन यांच्याच गटातून निघालेल्या कल्पनेत अशा पेशी जिलेटिनच्या स्पंजात वाढवून जोडाच्या बाहेरून गुंडाळतात. डायलिसिसच्या रुग्णांवर सुरुवातीच्या टप्प्याची चाचणी २००९ मध्ये छापून आली आणि ते सुरक्षित दिसलं. मसल पेशीला तिथल्या तिथे, सतत, बाहेरच्या बाजूने निरोप पोचवायचा. मी ज्याबद्दल बोलतोय ते हे आहे.

मनोजव

सुरक्षित दिसलं. आणि उपयोगी?

अश्मक

त्या टप्प्याची चाचणी सुरक्षितता बघायलाच असते. एवढं तरी सोडा.

नीलकंठ

औषधनिर्मितीत बरीच वर्षं काढली आहेत. इथे सगळे हेपॅरिन असं म्हणतात जणू ते एक रसायन आहे. ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलेलं मिश्रण आहे. साखळ्या लहानमोठ्या, रेण्वीय वजन ३,००० ते ३०,००० डाल्टनपर्यंत काहीही. अँटिथ्रॉम्बिनला धरणारा पाच साखरांचा तुकडा जेमतेम एक तृतीयांश साखळ्यांवर. उरलेल्या दोन तृतीयांश साखळ्या काय करतात हे प्रत्येक बॅचगणिक थोडं वेगळं.

आणि कच्च्या मालाचं काय? २००८ विसरलात का? अमेरिकेत डायलिसिसच्या रुग्णांना हेपॅरिन दिल्याबरोबर रक्तदाब कोसळायला लागला, चेहरे सुजायला लागले. माणसं गेली. तपासात निघालं की चीनहून आलेल्या कच्च्या मालात ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट मिसळलेलं होतं. भेसळ करणाऱ्याने हे का निवडलं? कारण ते स्वस्त, आणि त्या काळच्या फार्माकोपियाच्या (औषधांच्या अधिकृत मानकांच्या) चाचणीत हेपॅरिनसारखंच उतरायचं. गोठायला किती वेळ लागतो एवढंच मोजलं जायचं. पकडलं ते एनएमआरने, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीने. शरीरात ते रक्तातल्या फॅक्टर बारा आणि कॅलिक्रिन या प्रथिनांची साखळी पेटवून रक्तदाब पाडणारं ब्रॅडिकिनिन वाढवत होतं.

आता मला सांगा, सुधारित हेपॅरिन म्हणजे ज्याची गोठण्यावरची क्रिया मुद्दाम काढून टाकलीय. त्याची ताकद मोजणार कशावर? पेशी वाढवून? ती चाचणी दोन प्रयोगशाळांत सारखी येईल याची खात्री कोण देणार?

सायंतारा

म्हणजे लोकांच्या शरीरात जे जात होतं ते नक्की काय आहे हेच माहीत नव्हतं. आणि डायलिसिसवरच्या लोकांच्या शरीरात. ज्यांना नाही म्हणायची सोयच नाही.

उंबरठा

त्या काळात आम्ही कुपीवरचा बॅच नंबर एकमेकांना वाचून दाखवायचो. कुणालाच काही नीट सांगितलेलं नव्हतं. पेशंटचे नातेवाईक विचारायचे, "हे तेच आहे का?" आम्ही काय सांगणार?

नीलकंठ

एकाच देशावर, एकाच जनावरावर अवलंबून राहिलं की असं होणारच. त्याआधी तिथे डुकरांमध्ये साथ आली होती, कच्चा माल तुटला होता, भाव चढले होते. तिथेच भेसळीला वाट मिळते. गाईच्या आतड्याचं हेपॅरिन बऱ्याच देशांनी मॅड काऊच्या भीतीने आधीच बंद केलं होतं. दुसरा पर्याय उरलाच नव्हता. हा विषय कुठल्याही कार्डिऑलॉजीच्या परिषदेत निघत नाही, कारण तिथे सगळ्यांना शेवटची कुपी दिसते. मला विचाराल तर रिस्टेनोसिसच्या आधी या प्रश्नावर भांडायला हवं. रोज जगभर लाखो लोकांना टोचलं जाणारं औषध कसायाच्या कारखान्यातल्या आतड्यांवर उभं आहे आणि आपण त्याच्या साखळीत एखादा गट कमी-जास्त करण्याबद्दल बोलतोय.

मनोजव

नीलकंठ यांच्याशी पूर्ण सहमत. आणि धागाकर्त्याने सायंताराताईंना दिलेलं उत्तर चुकीचं आहे, ते तसंच सोडायला नको. हिट अँटिथ्रॉम्बिनमुळे होत नाही. प्लेटलेट फॅक्टर चार (पीएफ-फोर, प्लेटलेट्समधलं एक प्रथिन) आणि हेपॅरिन यांचा जो गठ्ठा होतो त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. तो गठ्ठा साखळी किती लांब आणि तिच्यावर सल्फेट किती यावर ठरतो. पाच साखरांचा तो तुकडा काढला काय, ठेवला काय, लांब आणि भरपूर सल्फेटवाली साखळी पीएफ-फोरला धरणारच. गोठण्यावर काम न करणारं हेपॅरिन दिलं म्हणजे हिट टळलं, असं नाही. ज्यांच्या घरी हे घडलंय त्यांना असा दिलासा देऊ नका.

सायंतारा

हे खरं आहे का, अश्मक? तुम्ही "आनुषंगिक" लिहिलंत. माझ्या बाबांची बोटं आनुषंगिक नव्हती.

अश्मक

ताई, शब्द कठोर लागला असेल, पण मी तुमच्या बाबांबद्दल तो वापरला नाही. आणि मनोजव अर्धीच गोष्ट सांगताहेत. लांबी आणि सल्फेट, बरोबर. म्हणूनच नुसतं अँटिथ्रॉम्बिनपासून तोडून भागत नाही, ठराविक जागचे सल्फेट काढावे लागतात. दोन-ओ आणि तीन-ओ जागचे सल्फेट काढलेलं हेपॅरिन प्रयोगशाळेत हिटच्या अँटिबॉडींना प्लेटलेट्स पेटवू देत नाही असं दिसलंय. सगळी सुधारित हेपॅरिनं एकाच माळेत ओवू नका.

मनोजव

प्रयोगशाळेत. पुन्हा प्रयोगशाळेतच.

अश्मक

सगळंच आधी प्रयोगशाळेत असतं! सिरोलिमस काय आकाशातून पडलं? ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूतून निघालेलं, बुरशीवरचं औषध म्हणून सुरू झालेलं, मग अवयवरोपणात गेलेलं. त्याला स्टेंटवर यायला किती दशकं दिली? हेपॅरिनला दोन इंजेक्शनं देऊन घरी पाठवलं.

वेदिका

आवाज खाली घ्या दोघेही. शर्करा-रसायनावर काम करते, दोन मुद्दे मांडते. दोघांनाही आवडणार नाहीत.

अश्मक, सल्फेट काढा म्हणता तेव्हा किंमत मोजावी लागते. कास्टेलो आणि कार्नोव्स्की यांच्या प्रयोगशाळेतूनच आलंय की मसल पेशी रोखण्याची ताकद साखळीची लांबी आणि विद्युतभार (तो बराचसा सल्फेटांचाच) या दोन्हींवर मिळून ठरते. सहा साखरांचा तुकडाही काम करू शकतो, पण लांब साखळ्या जास्त जोरात करतात, आणि लहान तुकड्याला चालायला भार जास्त लागतो. म्हणजे हिट टाळायला ज्या दिशेने जायचं, पेशी रोखायला त्याच्या उलट दिशेने. मधली जागा अरुंद आहे. सल्फेट जागा बघून काढावे लागतात, सरसकट नाही. पेरिआयोडेट या रसायनाने साखळीतल्या काही साखरांचं कडं उघडलं, ज्याला ग्लायकॉल-स्प्लिट म्हणतात, तर अँटिथ्रॉम्बिनशी नातं तुटतं, साखळी लवचिक होते आणि सल्फेट बरेचसे जागेवर राहतात. दुसरी वाट म्हणजे फॅटी ॲसिडचे गट जोडायचे. फुप्फुसाच्या धमनीतल्या मसल पेशींवर अशा अ‍ॅसिलेटेड हेपॅरिनने साध्या हेपॅरिनपेक्षा जास्त रोख दिलाय. बेसिक एफजीएफसारखे वाढीचे संदेश कुठली साखळी कशी धरते यावर बरंच अवलंबून आहे.

मनोजव, प्रकरण मिटलं म्हणायलाही आधार नाही. या रूपांपैकी एकही रूप स्टेंटबरोबर, पुरेसे दिवस, भिंतीत सतत सुटेल अशा पद्धतीने माणसांच्या मोठ्या चाचणीत मी तरी पाहिलेलं नाही. तुमच्या तिन्ही चाचण्या गोठणं थांबवणाऱ्या, कमी रेण्वीय वजनाच्या, कातडीखाली तुटक दिलेल्या औषधांच्या. जे तपासलं ते पडलं. जे तपासलंच नाही त्याला पडलं म्हणू नका.

आणि दोघांनाही एक. सगळ्यांच्या पेशी हेपॅरिनचं ऐकत नाहीत. १९९३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं होतं की ज्यांच्या पायात बायपाससाठी लावलेला शिरेचा ग्राफ्ट पुढे आवळला, त्यांच्या शिरेतल्या मसल पेशी काचेच्या बशीत हेपॅरिनला कमी दाद देत होत्या. म्हणजे ज्यांना सगळ्यांत जास्त गरज, त्यांच्यावरच सगळ्यांत कमी असर. उंदीर सगळे एका वाणाचे असतात, ही अडचण उंदरात दिसणारच नाही.

मनोजव

वेदिका, शेवटचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, त्याबद्दल आभार. मधला मुद्दा एवढ्यापुरता मान्य: माझ्या लेखातलं वाक्य "गोठणं थांबवणारी हेपॅरिनं इंजेक्शनने देऊन" असं वाचावं. त्यापलीकडे एक इंचही नाही. औषध सोडणारे स्टेंट असताना गरज कुठे आहे हे अजून कुणी दाखवलेलं नाही.

अश्मक

गरज दाखवतो. सिरोलिमस आणि पॅक्लिटॅक्सेल ही स्टेंटवरची औषधं मसल पेशींना थांबवतात आणि अस्तराच्या पेशींनाही थांबवतात. स्टेंटच्या तारा महिनोन्महिने उघड्या राहतात. २००६ मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत उशिरा होणाऱ्या गुठळ्यांवरून केवढा गदारोळ झाला, ते तुमच्याच लेखात आहे. नवे स्टेंट सुधारले, मान्य. पण पायाच्या धमन्यांत पॅक्लिटॅक्सेलचे बलून वापरले, २०१८ मध्ये एका एकत्रित विश्लेषणात मृत्यू जास्त दिसले, २०१९ मध्ये एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामकाने) इशारा दिला आणि २०२३ मध्ये तो धोका आकडेवारीत टिकत नाही म्हणून मागे घेतला. मधली चार वर्षं डॉक्टर आणि पेशंट दोघांनी धास्तीत काढली. हेपॅरिनसारखा रेणू मसल पेशींना मारत नाही, विश्रांतीतून वाढीकडे जाणारा दरवाजा लावून घेतो, आणि अस्तर भरून यायला तसा अडथळा करत नाही. एवढा फरक पुरेसा नाही का?

मनोजव

पुरेसा असता तर चाचणी झाली असती.

अश्मक

जुन्या, पेटंट संपलेल्या, डुकराच्या आतड्यातून येणाऱ्या रेणूसाठी मोठ्या चाचणीचा खर्च कोण उचलणार? त्यावर नीलकंठ यांनीच प्रकाश टाकावा.

नीलकंठ

कुणी उचलणार नाही हे बरोबर. पण सुधारित रूपाला नवं पेटंट मिळतं, त्यामुळे कारण एवढंच नाही. खरं कारण मी आधीच लिहिलंय. बॅच ते बॅच सारखेपणा दाखवता येत नसेल तर नियामक पहिल्याच बैठकीत परत पाठवतो. एंझाइमने साखळ्या बांधून कृत्रिम हेपॅरिन बनवायचं काम चालू आहे. ते मोठ्या प्रमाणावर जमलं तर तुमच्या दोघांच्याही भांडणाला काही अर्थ येईल. डुक्कर मधून बाजूला झालं पाहिजे, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं.

सायंतारा

आणि चाचणी झालीच कधी, तर पहिल्या पानावर लिहा की प्लेटलेट्स पाचव्या दिवसापासून मोजायचे आणि लाइन कशाने फ्लश होते हेही औषध म्हणून लिहायचं. बाकी तुमचं रसायन मला कळत नाही.

अश्मक

हे पहिल्याच पानावर हवं, ताई. याच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

उंबरठा

कोरोनरीचं तुमचं तुम्ही बघा. आमच्याकडे औषधाचा स्टेंट हे उत्तर नाही. फिस्टुलात दर डायलिसिसला सुया घुसतात आणि शिरेकडचा जोड दर काही महिन्यांनी उघडावा लागतो. मनोजव यांचं शून्य टक्के आमच्या वॉर्डात कुणी पाहिलेलं नाही. वेदिका, बाहेरून गुंडाळायचं असेल तर जोड शिवतानाच ते करावं लागेल ना? नंतर बलून करताना आतून जाऊन भिंतीत सोडता येईल असं काही आहे का?

वेदिका

शिवतानाच, हो. उघडं ऑपरेशन असतं तेव्हाच बाहेरचा पृष्ठभाग हाताला लागतो. नंतर आतून जायचं तर छिद्रांच्या बलूनने भिंतीत सोडायचा प्रयत्न कोरोनरीत झालाय. पण सोडलेल्या औषधाचा फार थोडा भाग भिंतीत राहतो आणि तोही लवकर धुऊन जातो. फॅटी ॲसिड जोडलेली रूपं पेशीच्या आवरणाला जास्त धरून राहतील असा तर्क आहे. फिस्टुलाच्या शिरेत ते तपासायला हरकत नाही. तिथे प्रवाह तात्पुरता थांबवता येतो, कोरोनरीत तो फार वेळ थांबवता येत नाही.

मनोजव

फिस्टुलात तपासा, माझी हरकत नाही. कोरोनरीबद्दलचं माझं मत तसंच आहे.